मारिओच्या जगाची कौटुंबिक सहल: ओसाका आणि क्योटोचा बेत कसा आखावा

निन्टेंडो या जपानी कंपनीच्या व्हिडिओ गेममधील मारिओचे वेड असलेल्या मुलांना घेऊन जपानला जायचे ठरले, की बहुतेक घरांत आधी विमानाची तिकिटे काढली जातात, मग हॉटेल पाहिले जाते आणि पार्कचा विचार सर्वांत शेवटी होतो. या सहलीत हा क्रम उलटा करावा लागतो. विमाने रोज सुटतात आणि थोडे अधिक पैसे मोजले तर हॉटेलही मिळते. परंतु निन्टेंडोच्या संग्रहालयाची तिकिटे सोडतीने मिळतात आणि पार्कमधील मारिओच्या विभागात ठरावीक संख्येनेच लोकांना सोडले जाते. म्हणून जे पैसे देऊनही हमखास मिळत नाही, त्याची तारीख आधी पक्की करावी आणि बाकीची सहल तिच्याभोवती बसवावी.

पाहण्याची मुख्य ठिकाणे दोनच आहेत. ओसाकातील युनिव्हर्सल स्टुडिओज जपान या पार्कमध्ये मार्च २०२१ मध्ये ‘सुपर निन्टेंडो वर्ल्ड’ सुरू झाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याला निन्टेंडोच्याच खेळातील डाँकी काँग या गोरिलाच्या जंगलाची जोड मिळाली. असेच विभाग अमेरिकेत हॉलिवूड आणि ऑर्लँडो येथेही आहेत, तेव्हा त्या बाजूला राहणाऱ्या मराठी कुटुंबांना जपान गाठण्याची गरज नाही. मात्र संग्रहालय फक्त जपानातच आहे. ते क्योटोजवळच्या उजी शहरात, कंपनीच्या १९६९ साली बांधलेल्या जुन्या कारखान्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये उघडले. कंपनी मूळची क्योटोचीच. १८८९ साली तिची सुरुवात झाली ती हानाफुदा नावाचे पत्ते बनवण्यापासून, आणि हा सगळा प्रवास संग्रहालयात मांडलेला आहे.

तारखा कशा ठरवाव्यात

आपल्याकडच्या शाळांना मे महिन्यात सुट्टी असते, पण त्या महिन्याचा पहिला आठवडा टाळावा. २९ एप्रिल ते ५ मे या काळात जपानमध्ये ‘गोल्डन वीक’च्या सलग सुट्ट्या येतात आणि निम्मा देश फिरायला बाहेर पडतो. जूनमध्ये तिकडे पावसाळा सुरू होतो, त्यामुळे साधारण १० ते ३० मे हा काळ सोयीचा ठरतो. दिवाळीच्या सुट्टीत हवा अधिक सुखद असते. फक्त नोव्हेंबरच्या उत्तरार्धात लाल पाने पाहणाऱ्यांची क्योटोत झुंबड उडते आणि हॉटेलांचे दर वाढतात.

संग्रहालयाच्या सोडतीसाठी निन्टेंडोचे खाते उघडून साधारण तीन महिने आधी अर्ज करावा लागतो, म्हणजे मे महिन्यासाठी फेब्रुवारीत आणि नोव्हेंबरसाठी ऑगस्टमध्ये. अर्जात शक्य तितक्या वेगवेगळ्या तारखा व वेळा द्याव्यात. मंगळवारी संग्रहालय सहसा बंद असते. प्रौढांचे तिकीट ३,३०० येन, १२ ते १७ वर्षांच्या मुलांचे २,२०० येन आणि ६ ते ११ वर्षांच्या मुलांचे १,१०० येन असून त्याहून लहान मुलांना प्रवेश मोफत आहे. सोडतीत नंबर लागला नाही, तरी उरलेली तिकिटे नंतर प्रथम येणाऱ्यास मिळतात, म्हणून संकेतस्थळावर अधूनमधून नजर ठेवावी. तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, तेव्हा कोणी ‘जास्तीचे आहे, घेता का’ म्हणून विकू लागल्यास त्या वाटेला जाऊ नये. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट जवळ ठेवावा.

पार्कचे तिकीट आणि विभागाचा प्रवेश

येथे सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून हा भाग नीट समजून घ्यावा. पार्कचे साधे तिकीट, म्हणजे ‘स्टुडिओ पास’, काढल्याने मारिओच्या विभागात जाता येईलच असे नाही. गर्दीच्या दिवशी त्या विभागासाठी वेळ दिलेला वेगळा प्रवेश लागतो आणि तो मिळवण्याचे मुख्य मार्ग दोन आहेत. पहिला मार्ग राईडची लांब रांग टाळणाऱ्या ‘एक्स्प्रेस पास’चा. तो महाग असतो, साध्या तिकिटाव्यतिरिक्त घ्यावा लागतो, आणि त्याच्या ज्या प्रकारात मारिओच्या राईडचा समावेश आहे त्यात विभागात शिरण्याची वेळही ठरवून मिळते. ‘एक्स्प्रेस पास’ घेतला म्हणजे पार्कचे तिकीट त्यातच आले, असे समजून अनेक कुटुंबे फसतात. दुसरा मार्ग फुकट आहे, पण पहाटे उठावे लागते. सर्वांची तिकिटे पार्कच्या ॲपमध्ये आदल्या दिवशीच नोंदवून ठेवावीत आणि फाटकातून आत पाऊल टाकताच ॲपवरून वेळेचा प्रवेश घ्यावा. पार्कच्या बाहेर उभे राहून तो घेता येत नाही. जाहीर केलेल्या वेळेपेक्षा फाटके अनेकदा लवकर उघडतात, त्यामुळे निदान तासभर आधी पोहोचलेले बरे. आजीआजोबा बरोबर असतील किंवा मुले अगदी लहान असतील, तर सरळ पहिला मार्ग घ्यावा असे माझे मत आहे. तो खर्च इतर ठिकाणी काटकसर करून भरून काढता येतो.

तिकिटाचा दर तारखेनुसार बदलतो. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट लागत नाही, ४ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी आणि ६५ वर्षांवरील ज्येष्ठांसाठी वेगळा, कमी दर असतो.

मुलांची उंची आधीच मोजावी

मुलाला ‘तुला मारिओच्या गाडीत बसवतो’ असा शब्द देण्यापूर्वी घरच्या भिंतीशी उभे करून त्याची उंची मोजावी, आणि तीही चप्पल-बूट काढून. ‘मारिओ कार्ट’मध्ये एकट्याने बसण्यासाठी १२२ सेंटिमीटर उंची लागते, सोबत मोठे माणूस असल्यास १०७ सेंटिमीटर चालते. ‘योशीज ॲडव्हेंचर’ ही संथ राईड आहे आणि तिच्यात मोठ्यांसोबत ९२ सेंटिमीटर उंचीचे मूलही बसू शकते. एक मूल बसू शकते आणि दुसरे नाही अशी स्थिती असेल, तर प्रवेशापाशी ‘चाइल्ड स्विच’ मागावा. त्यात आईवडिलांपैकी एकजण धाकट्यापाशी थांबतो आणि मग पुन्हा रांग न लावता दोघांची अदलाबदल होते. ‘मारिओ कार्ट’मध्ये डोक्यावर घालायच्या पट्टीला खास चष्मा जोडलेला असतो, नेहमीचा नंबरचा चष्मा त्याच्या आत राहू शकतो.

विभागात शिरण्याची वाट हिरव्या पाइपमधून जाते. पाइपमधून राजकन्या पीचच्या महालात आणि तेथून बाहेर पडताच समोर सगळा खेळ उभा राहतो: फिरणारी नाणी, चालणारी कासवे, वर डोंगरावर फडकणारा झेंडा. येथे ‘पॉवर-अप बँड’ नावाचा मनगटी पट्टा विकत मिळतो. तो ॲपला जोडला, की भिंतीवरच्या प्रश्नचिन्हाच्या चौकोनाला खालून हात मारताच नाणे वाजते आणि ते आपल्या खात्यावर जमा होते. ठिकठिकाणचे खेळ जिंकून तीन किल्ल्या मिळवल्या, तर खलनायक बाउझरच्या मुलाशी अंतिम सामना खेळता येतो. पट्टा स्वस्त नाही आणि तो प्रत्येकाला वेगळा लागतो. तरीही प्रत्येक मुलाला एक घ्यावा, कारण दोघांत एक घेतल्यास दिवसभर भांडणेच सोडवावी लागतात. मोठ्यांनी नाही घेतला तरी चालते. ॲपमुळे फोन दुपारीच मान टाकतो, म्हणून पॉवर बँक आणि दोन चपट्या पिनांचा प्लग असलेला चार्जर बरोबर असावा.

राहणे, प्रवास आणि खाणे

मुंबई-पुण्याहून जाणारी कुटुंबे सहसा सिंगापूर, बँकॉक किंवा हाँगकाँगला विमान बदलून कान्साई विमानतळावर उतरतात. मुक्काम ओसाकातच ठेवावा. पार्कचे स्थानक युनिव्हर्सल सिटी. ओसाका स्थानकाहून निशिकुजोमार्गे तेथे पंधरा-वीस मिनिटांत पोहोचता येते. क्योटोला जलद लोकलने अर्धा तास लागतो आणि पुढे किंतेत्सु रेल्वेमार्गावरच्या ओगुरा स्थानकापासून संग्रहालय पाच मिनिटांच्या पायी अंतरावर आहे. एवढ्या प्रवासासाठी देशभरच्या रेल्वेचा महागडा ‘जेआर पास’ घेऊ नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास ५०,००० येनांचा झाला. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना रेल्वेत अर्धे भाडे पडते.

शाकाहारी मंडळींनी मात्र आधीच तयारी करावी. जपानी रस्स्यांत आणि सॉसमध्ये माशांपासून काढलेला ‘दाशी’ सर्रास असतो, त्यामुळे वरवर भाजीचा वाटणारा पदार्थही शाकाहारी असेलच असे नाही. पार्कमध्ये बाहेरचे खाणे नेऊ देत नाहीत आणि एकदा बाहेर पडल्यावर त्याच तिकिटावर सहसा पुन्हा आत येता येत नाही. सकाळी हॉटेलवर पोटभर खाऊन निघावे. हॉटेलवर खाण्यासाठी घरून जपानला थेपले, चिवडा, खाकरे खुशाल न्यावेत. मांसाचे पदार्थ आणि ताजी फळे मात्र नेऊ नयेत. मे महिन्यात कोणाला हापूसची पेटी भेट द्यायचा मोह झाला, तरी ती विमानतळावरच जप्त होईल.

संग्रहालयात काय करावे

प्रवेशासोबत प्रत्येकाला दहा नाणी खात्यावर मिळतात आणि त्याहून जास्त विकत घेता येत नाहीत. खेळांना कमीजास्त नाणी लागतात, सगळे खेळ खेळून होत नाहीत, म्हणून आत शिरण्यापूर्वीच कोणी काय खेळायचे ते ठरवावे. माणसाएवढा मोठा कंट्रोलर दोघांनी मिळून चालवायचा असतो. तो आईवडील व मुलाने एकत्र खेळावा. १९९० च्या दशकात टीव्हीला खोका जोडून, कॅसेट फुंकून मारिओ खेळलेल्या पालकांना मूळ यंत्रे येथे काचेमागे दिसतील, आणि त्यांची छायाचित्रे काढता येत नाहीत हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. पत्ते बनवण्याच्या वर्गासाठी वेगळे पैसे पडतात.

खरेदीसाठी ओसाकात दाईमारू उमेदा इमारतीच्या तेराव्या मजल्यावर आणि क्योटोत ताकाशिमाया इमारतीच्या सातव्या मजल्यावर निन्टेंडोची अधिकृत दुकाने आहेत. तेथे किंवा इतरत्र ‘स्विच २’ हा निन्टेंडोचा खेळसंच भारतापेक्षा स्वस्त दिसला, म्हणून लगेच उचलू नये. २०२५ मध्ये ४९,९८० येनांना बाजारात आलेला तो संच फक्त जपानी भाषेत चालतो आणि जपानमधील खात्यालाच जोडता येतो. मुलांनी कितीही हट्ट केला, तरी तो घरी आणून उपयोग नाही.