लिनक्स सुरू होईना? आधी तारीख बघा
इंदूरला, रामबागेत आईकडे ठेवलेला जुना लिनक्स पीसी वीज जाऊन आल्यावर उठेचना. स्क्रीनवर एवढंच, की बूट डिव्हाइस (ज्यावरून मशीन सुरू होतं ती डिस्क) सापडत नाही. अशा वेळी फॉरमॅटची घाई नको. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, शिरून तारीख बघा. आमची कित्येक वर्षं मागे गेलेली, म्हणजे मदरबोर्डवरचा, तारीख-सेटिंग जपणारा ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल संपलेला. त्यापायी बूट मोडही (मशीन सुरू होण्याची पद्धत) नव्या यूईएफआयवरून जुन्या लेगसीवर घसरला होता. लिनक्स ज्या मोडमध्ये टाकलं, तोच लागतो. सेल बदलला, मोड लावला, झालं. बायोसमध्ये डिस्कचं नावच दिसत नसेल तर डिस्क जोडणारी साटा केबल काढून घट्ट बसवा. नाव दिसतंय, पण ‘ग्रब रेस्क्यू’ येतंय (ग्रब म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम)? मग लाइव्ह पेन ड्राइव्हवरून (त्यावरूनच थेट लिनक्स चालतं) मशीन चालू करून आधी फोटो-कागदपत्रं बाहेर काढा. ग्रबची डागडुजी नंतर.