मोली माशाच्या अंगावर पांढरे ठिपके : काय केलं

नागपुरात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा घसरला की हीटर नसलेल्या टाकीत हा आजार हमखास डोकं वर काढतो. कल्ल्यांवर, शेपटीवर रव्याच्या कणांएवढे ठिपके, मासा दगडाला अंग घासतो. कापसासारखं पांढरं दिसलं तर ती बुरशी, तिचा इलाज वेगळा.

ठिपक्यातला परजीवी कातडीखाली असतो, तिथे औषध पोचत नाही. तो तळाला पडून शेकडो पिल्लं सोडतो, मारायचं ते त्यांना. म्हणून १०० वॅटचा हीटर लावून तापमान दर तासाला साधारण एक अंशाने ३० पर्यंत नेलं, त्यामुळे परजीवीचं जीवनचक्र लवकर फिरतं. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी, एअर पंप चोवीस तास चालू.

दोन फुटी टाकीत खरं पाणी ५० लिटर. औषध म्हणून खडेमीठ १०० ग्रॅम, विरघळवून, दिवसभरात तीन हप्त्यांत. गोगलगायी आणि झाडं आधी बाहेर काढा. मिथिलीन ब्लू हे निळं औषध मुख्य टाकीत नकोच, फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात.

एक दिवसाआड तळ सायफनने ओढून १२ लिटर पाणी बदललं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवून, ते तेवढंच गरम करून, त्यात मीठ फक्त २४ ग्रॅम. इथेच बरेच जण पुन्हा पूर्ण मात्रा ओततात. ठिपके गेल्यावरही उपचार आठवडाभर चालू ठेवायचा.