मुंबई ते न्यूयॉर्क: तिकिटावरचे तास नीट मोजा

मुंबईहून पहिल्यांदा अमेरिकेला निघणारे बहुतेक जण तारखेत चुकतात. तिकिटावर '१५ तारीख, ०१:३०' असेल, तर सहारच्या टर्मिनल २ वर पोहोचायचं १४ तारखेच्या रात्री, साडेनऊ-दहापर्यंत. १५ च्या रात्री गेलात, तर तोवर विमान इकडे न्यूयॉर्कला उतरलेलं असतं. कॅलेंडरवर खूण १४ तारखेलाच करा.

मुंबई ते न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ सरळ अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर; शेजारचा न्यूअर्क विमानतळही जवळपास तेवढाच. सरळ म्हणजे पृथ्वीच्या गोलावरची सर्वांत जवळची वाट, आणि ती जाते पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया, स्वीडन, आइसलँडवरून. विमानाला ही रेघ क्वचितच धरता येते. पाकिस्तानने २०१९ मध्ये काही महिने आणि पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना हद्द बंद केली, तेव्हा त्यांना अरबी समुद्रावरून वळसा पडला. म्हणून एकाच मार्गाचे तास कंपनीनुसार वेगळे दिसतात.

जाताना थेट विमानाला साधारण १५ ते १६ तास लागतात, परतताना तास-दीड तास कमी. कारण वरच्या थरातले जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. येताना ते पाठीशी असतात, जाताना समोरून. हिवाळ्यात त्यांचा जोर जास्त.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात, त्यामुळे सरळ वजाबाकी करू नका. न्यूयॉर्कच्या वेळेत उन्हाळ्यात साडेनऊ तास मिळवा, हिवाळ्यात साडेदहा; मग ती भारतातली वेळ होते. रात्री दीडला निघून त्याच तारखेला सकाळी सातला उतरणारं विमान घ्या. उन्हाळ्यात सकाळचे सात म्हणजे मुंबईत दुपारचे साडेचार, म्हणजे प्रवास १५ तासांचा. हा फरक मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतो. त्या आठवड्यांत आईवडिलांना घ्यायला जाणार असाल, तर वेळ पुन्हा तपासा.

थेट तिकीट महाग पडत असेल, तर मधला थांबा घ्यायला हरकत नाही. दुबईमार्गे अंतर जेमतेम ४०० किलोमीटरने वाढतं, लंडनमार्गे त्याहूनही कमी. वेळ खाते ती विमानतळावरची वाट. दीड तासाचा थांबा कागदावर छान दिसतो, पण पहिलं विमान तासभर उशिरा आलं की पुढचं हातचं गेलं. किमान तीन तास ठेवा. अबूधाबीमार्गे येत असाल तर नक्कीच, कारण अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं. लंडन किंवा युरोपमार्गे येताना ट्रान्झिट व्हिसा लागतो का, ते तिकीट काढण्याआधी पाहा. दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर हवेत; वेगवेगळी तिकिटं काढलीत आणि पुढचं विमान चुकलं, तर नवं तिकीट तुमच्या खिशातून.

अबूधाबीमार्गे आला नसाल आणि न्यूयॉर्कहून पुढे शिकागो किंवा डॅलसला जायचं असेल, तर बॅगा इथेच बेल्टवरून उचलून कस्टम्समधून नेऊन पुन्हा जमा कराव्या लागतात, टॅग शिकागोचा असला तरी. इमिग्रेशनच्या रांगेला दोन तासही लागतात, म्हणून पुढचं विमान चार तासांनंतरचं घ्या.

झोप जागेवर यायला आठवडा तरी लागतो. सोमवारी रुजू व्हायचं असेल, तर आधीच्या बुधवारी-गुरुवारी पोहोचा. वयस्कर मंडळींसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा आणि विमानात त्यांना दर दोन तासांनी उठून चालायला सांगा.