‘चोरलं’, ‘लुटलं’, ‘हिरावलं’ : इंग्रजीत नेमकं कसं सांगावं

दिवाळीच्या खरेदीला तुळशीबागेत गेलेल्या माझ्या भाचीचा मोबाइल गर्दीत गेला. पर्सची चेन अर्धी उघडी, आतला रुमाल आणि बसचा पास जागच्या जागी, फोन तेवढा नाही. घरी येऊन तिने हिंजवडीच्या ऑफिसला मेल लिहिला आणि पाठवण्याआधी मला दाखवला. पहिलीच ओळ होती, ‘आय वॉज स्टोलन इन तुळशीबाग. दे रॉब्ड माय फोन.’

“अगं, या वाक्यात फोन नाही, तूच चोरीला गेलीयस,” मी म्हटलं.

“पण मावशी, कळतं ना त्यांना?”

ओळखीच्या माणसाला कळतं. पण विम्याचा दावा, बँकेला पत्र, परदेशातल्या मुलाच्या घरमालकाला मेल अशा वेळी काय गेलं, कोणाचं गेलं आणि कसं गेलं, हे सगळं एका क्रियापदावरून वाचलं जातं. त्या संध्याकाळी तिला जे समजावलं तेच इथे मांडते.

पहिली पायरी : काय गेलं ते आधी मराठीत म्हणा

गेलेल्या वस्तूबद्दल बोलायचं असेल तर ‘स्टील’. आपलं ‘चोरणं’ असंच चालतं. फोन चोरला, सायकल चोरली. माणूस चोरला असं आपण म्हणत नाही. ‘समवन स्टोल माय फोन.’ चोर कोण हे बहुतेक वेळा माहीत नसतं, म्हणून आपण ‘चोरीला गेला’ म्हणतो. त्याला इंग्रजीत ‘माय फोन वॉज स्टोलन’. जिथून किंवा ज्याच्याकडून गेलं त्याच्याआधी ‘फ्रॉम’ लावा: ‘स्टोलन फ्रॉम माय बॅग’. रूपं तीनच, स्टील, स्टोल, स्टोलन. ‘स्टील्ड’ असं काही नाही.

दुसरी पायरी : कोणाला लुटलं ते पाहा

‘रॉब’च्या पुढे माणूस येतो किंवा जागा येते. ‘दे रॉब्ड अ बँक’ म्हणजे बँक उचलून नेली नाही, बँक लुटली. ‘आय वॉज रॉब्ड’ म्हणजे मला लुटलं. इथवर मराठी आपल्याला बरोबर नेते. पण आपण ‘दागिने लुटले’, ‘पैसे लुटले’ असंही बिनदिक्कत म्हणतो, आणि तिथेच पाय घसरतो. ‘दे रॉब्ड माय मनी’ चुकीचं. माणूस आधी, वस्तू नंतर आणि मध्ये एका एफचा ‘ऑफ’: ‘दे रॉब्ड हर ऑफ हर ज्वेलरी.’

तिसरी पायरी : ‘पासून’ मनातून काढा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबूया. मराठीत आपण ‘हक्कापासून वंचित’ म्हणतो. त्या ‘पासून’चं हात आपोआप ‘फ्रॉम’ करतो, आणि अर्जात ‘डिप्राइव्ह्ड फ्रॉम माय राइट्स’ उतरतं. हवं असतं ‘डिप्राइव्ह्ड ऑफ’.

हे ‘ऑफ’ आलं कुठून? ‘चा-ची-चे’ साठी वापरतो तो ‘ऑफ’ आणि ‘दूर’ या अर्थाचा, शेवटी दोन एफ असलेला ‘ऑफ’, हे जुन्या इंग्रजीत एकच शब्द होते. दूर होण्याचा तो जुना अर्थ ‘रॉब’, ‘डिप्राइव्ह’, ‘स्ट्रिप’, ‘चीट’ अशा क्रियापदांमागे आजही टिकून आहे. म्हणजे आपलं ‘पासून’ या ‘ऑफ’च्या पोटातच आहे, वेगळं जोडायला नको.

हे पक्कं बसवायचं असेल तर आपल्या संविधानाचं इंग्रजी वाचा. कलम २१ ची सुरुवात अशी आहे: ‘नो पर्सन शॅल बी डिप्राइव्ह्ड ऑफ हिज लाइफ ऑर पर्सनल लिबर्टी’. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आलेलं कलम ३००-अ मालमत्तेबद्दल आहे, आणि तिथेही ‘डिप्राइव्ह्ड ऑफ हिज प्रॉपर्टी’च आहे. जीव, स्वातंत्र्य आणि मालमत्ता या तिन्हींसाठी रचना एकच. माझ्या मते व्याकरणाच्या दहा नियमांपेक्षा ही दोन कलमं पाठ करणं जास्त कामाचं.

रोजच्या बोलण्यातही तेच: ‘द लाउडस्पीकर्स डिप्राइव्ह्ड अस ऑफ स्लीप.’ ज्याचं गेलं तो माणूस क्रियापदाला चिकटून, जे गेलं ते ‘ऑफ’च्या पुढे. ‘दे डिप्राइव्ह्ड माय राइट्स’ असं माणूस गाळून लिहू नका. आणि मिळायला हवं होतं ते नुसतं नाकारलं असेल तर ‘डिनाय’ वापरा. त्याला ‘ऑफ’ लागत नाही: ‘दे डिनाइड मी अ सीट.’

चौथी पायरी : कसं गेलं त्यावरून शब्द निवडा

पाकीट मारलं तर ‘पिकपॉकेट’. दुकानातून माल लांबवला तर ‘शॉपलिफ्ट’. रस्त्यात अडवून, धमकावून काढून घेतलं तर ‘मग’. विश्वासाने सोपवलेल्या पैशांचा अपहार केला तर ‘एम्बेझल’. घरफोडीला ‘बर्गल’, अमेरिकेत ‘बर्गलराइझ’. यात फोडलेलं घर पुढे येतं, सोनं नाही: ‘आवर फ्लॅट वॉज बर्गल्ड.’ विम्याच्या कागदांत हा शब्द जपून वापरा, कारण घरफोडीच्या पॉलिसीत सहसा कुलूप किंवा दार तोडून आत शिरल्याच्या खुणा मागतात. उघड्या दारातून चप्पल गेली तर ती नुसती चोरी.

सोनसाखळी खेचली तर ‘स्नॅच’. हे ‘स्टील’च्या घरातलं, म्हणजे पुढे वस्तू: ‘समवन स्नॅच्ड माय मदर्स मंगळसूत्र.’ १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरी कलम ३०३ मध्ये आहे आणि असं हिसकावणं कलम ३०४ मध्ये स्वतंत्र गुन्हा आहे. जबरी चोरी म्हणजे ‘रॉबरी’ कलम ३०९ मध्ये, आणि त्यात मारहाण किंवा धाक लागतो. पाच किंवा जास्त जणांनी मिळून ते केलं की दरोडा, कलम ३१०. म्हणून गर्दीत नकळत गेलेल्या फोनला ‘रॉबरी’ लिहू नये.

‘लूट’ तर इंग्रजीने आपल्याकडूनच नेला, ‘ठग’ही. तिकडे ‘लूट’ मुख्यतः दंगलीत, आपत्तीत फोडलेल्या दुकानांसाठी वापरतात.

पाचवी पायरी : मराठी वाक्प्रचार तसेच उचलू नका

‘डेलाइट रॉबरी’ म्हणजे अवाच्या सवा भाव, आपला दिवसाढवळ्या दरोडा; हा सरळ जुळतो. पण ‘इट्स अ स्टील’ म्हणजे अगदी स्वस्तात मिळालं, तिथे चोरीचा संबंध नाही. सगळ्यात फसवी जोडी नजरेची. ‘स्टील अ ग्लान्स’ म्हणजे चोरून बघणं, आणि आपलं ‘नजर चोरणं’ नेमकं उलट, बघणं टाळणं. बसच्या सीटवर अंग चोरून बसतो तेव्हाही ‘स्टील’ कामाचा नाही. तिथे सरळ सांगा, ‘आय स्क्वीझ्ड इन’.

एवढं झाल्यावर भाचीने मेल पुन्हा लिहिला. ‘माय ऑफिस फोन वॉज स्टोलन फ्रॉम माय बॅग इन तुळशीबाग धिस इव्हनिंग. प्लीज ब्लॉक द सिम.’ तो पाठवला आणि आम्ही दोघी तक्रार द्यायला चौकीकडे निघालो.