जत्रेत लहान मूल चुकलं तर: कागदी टेपची युक्ती

तीन-चार वर्षांचं मूल गर्दीत हात सुटून घाबरलं की स्वतःचं नावसुद्धा सांगत नाही. खिशातली चिठ्ठी पडते आणि हातावर पेनाने लिहिलेला नंबर घामाने फिसकटतो.

मेडिकलमध्ये एक इंच रुंदीची कागदी चिकटपट्टी (जखमेवर लावतात ती) मिळते.

१. चार बोटं लांबीचा तुकडा कापा. चिकटवण्याआधीच त्यावर बॉलपेनने दोन मोबाइल नंबर लिहा. दोन्ही वेगळ्या कंपन्यांचे हवेत, कारण आंगणेवाडीसारख्या मोठ्या जत्रेत एखादं नेटवर्क हमखास अडकतं.

२. तुकडा शर्टाच्या किंवा फ्रॉकच्या आतून, पाठीवर मानेखाली चिकटवा. तिथे मुलाचा हात पोहोचत नाही, म्हणून ते उचकटत नाही. कापड कोरडं हवं. अंगात स्वेटर असेल तर पट्टी आतल्या कपड्यालाच लावा, स्वेटर दुपारी निघतोच.

३. निघताना दारातच चपलांसकट पूर्ण फोटो काढा. पोलिसांना 'लाल फ्रॉक' सांगण्यापेक्षा तो दाखवणं कितीतरी बरं.

४. पोचल्यावर आधी पोलीस मदत केंद्र किंवा माइकवरून पुकारा करणारा मंडप शोधून मुलाला दाखवा: "आई दिसली नाही तर खाकीवाल्या काकांना सांगायचं, 'माझ्या पाठीवर नंबर आहे'." घरी दोनदा म्हणवून घ्या. पाळण्यापाशी भेटायचं ठरवू नका, पाळणे चार असतात आणि सगळ्यात दाट गर्दी तिथेच.

मुलाचं नाव मात्र बाहेरून दिसेल असं कुठेही लिहू नका. नावाने हाक मारणारा परका माणूस मुलांना ओळखीचाच वाटतो.