मान आपोआप वळून राहिली? सोनोग्राफी-एमआरआयले जायच्या आधी हे वाचा

आपल्याकडे मान वाकडी झाली की पहिले म्हणतात उसण भरली, मग तेल-मालिश, मग कोणीतरी झटका देऊन मान बसवून देतो. तो झटका आधी बंद करा, हात जोडून सांगतो. मान महिनोन् महिने एकाच बाजूला ओढल्या जात असेल, थरथरत असेल, झोपेत शांत होत असेल आणि हनुवटीला नुसतं बोट लावलं की थोडा वेळ सरळ होत असेल तर तो सर्व्हायकल डिस्टोनिया असू शकतो. हा हाडाचा आजार नाही, मेंदूकडून स्नायूंना चुकीचा हुकूम जातो. म्हणून न्यूरोलॉजिस्टकडेच, म्हणजे मेंदू-नसांच्या डॉक्टरकडेच जा; नागपूरचं मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेज), एम्स किंवा वर्ध्याकडच्या सेवाग्राम-सावंगीच्या दवाखान्यात चौकशी करा.

निदान डॉक्टर बघूनच करतात, फोटोवरून नाही. पण ओपीडीत दोन मिनिटं मिळतात आणि नेमकी तेव्हाच मान शांत बसते, म्हणून घरून व्हिडिओ न्या. पेशंटला पाठ न टेकता स्टुलावर बसवा, केस वर बांधा, पदर-कॉलर बाजूला घ्या, खांदे दिसले पाहिजेत. समोरून, दोन्ही बाजूंनी, मागून काढा. मग डोळे मिटायला सांगा आणि म्हणा मान जिकडे जाते तिकडे जाऊ द्या, अडवू नका. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण एरवी माणूस लाजेपायी मान धरून ठेवतो. शेवटी हनुवटीला बोट लावून आणि चालताना पण घ्या.

एक्स-रेत फक्त हाडं दिसतात. उतारवयात मणक्याची झीज बहुतेकांना असतेच, ती दिसली म्हणून तेच कारण असं धरून बसू नका. एमआरआय मेंदूत किंवा मणक्यात दुसरं काही नाही ना हे बघायला असतो, या आजारात तो बरेचदा नॉर्मल येतो आणि नॉर्मल आला म्हणजे पेशंट नाटक करते असं अजिबात नाही. मशीनमध्ये मान हलली की फोटो पुसट येतात, म्हणून टेक्निशियनला आधीच सांगा, गरज पडली तर डॉक्टर झोपेचं औषध देतात. पेसमेकर किंवा अंगात धातू असेल तर तेही सांगा. फिल्मसोबत सीडी मागून घ्या.

या आजारात बोटॉक्सची सुई देतात, ती ओढणारा स्नायू सैल करते; ती कुठे द्यायची हे बघायला खरा उपयोग सोनोग्राफीचा. त्यात रेडिएशन नाही, उपाशी राहायचं नाही, पाणी पिऊन लघवी पण रोखायची नाही. विनंती करा की दोन्ही बाजू बघा आणि मान हलताना बघा. मान उजवीकडे वळत असेल तर बहुधा डावीकडचा पुढचा जाड स्नायू, स्टर्नोक्लेडोमास्टॉइड, आणि मागून उजवीकडचा स्प्लेनियस ओढत असतो. पडद्यावर तो ओढताना फुगलेला दिसतो, आणि जे खोल स्नायू बोटाला लागत नाहीत, जसा पहिल्या-दुसऱ्या मणक्यामधला, तेही दिसतात. बोटॉक्सची सुई याच फोटोवर बघत दिली की रक्तवाहिनी चुकवता येते. कुठे कुठे सोबत ईएमजी, म्हणजे स्नायूतली विजेची हालचाल बघणारी तपासणी पण करतात. पेट स्कॅन (PET, पोटाचा नाही, मेंदूचं काम दाखवणारा) क्वचितच लागतो, त्याच्या मागे पैसे घालू नका.

थांबायचं नाही असे प्रसंग: घसा-तापानंतर लेकराची मान अचानक अडकली, पडल्यावर वाकडी झाली, किंवा हातापायात कमजोरी आली. उलटीच्या औषधानंतर मान ओढल्या गेली तर पाकीट सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा. तान्ह्या बाळाच्या मानेत गाठ लागली तर तिथेही सोनोग्राफीच करतात. आणि पेशंट तरुण असेल तर विल्सन आजारासाठी (यात अंगात तांबं साचतं) रक्त-डोळे तपासायचं का, हे स्वतःहून विचारा.

बोटॉक्सचा असर साधारण तीन महिने राहतो. सुई दिल्यावर गिळायला त्रास झाला तर तडक डॉक्टरांना कळवा, आणि कोणत्या बाजूच्या कोणत्या स्नायूत किती युनिट दिले ते कागदावर लिहून घेतल्याशिवाय तिथून निघू नका, पुढच्या वेळी डॉक्टर बदलले तर तोच कागद कामात येतो.