भिंतीला ओल, पोराच्या छातीत घरघर: पावसाळ्यात या चुका टाळा

श्रावणात लेकीचा पलंग भिंतीपासून ओढला, तर मागे हातभर उंचीपर्यंत काळे ठिपके. ती महिनाभर रात्री खोकत होती आणि आम्ही आइस्क्रीमला बोल लावत होतो.

वरून रंग मारणं

ही सगळ्यांची लाडकी चूक, आमचीही. भिंतीत पाणी आहे तोवर बुरशी नव्या पुट्टीतूनही डोकं वर काढते. दिवाळीत दिलेल्या रंगाचे आषाढात पोपडे. इंग्लंडमधल्या रॉचडेलमध्ये एका भाडेकरू कुटुंबाने २०१७ मध्ये बुरशीची तक्रार केली, तर त्यांनाही वरून रंग द्यायला सांगण्यात आलं. डिसेंबर २०२० मध्ये त्यांचा दोन वर्षांचा अवाब इशाक गेला. घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने त्याला श्वसनाचा गंभीर आजार झाला, असं २०२२ च्या मृत्यू-चौकशीत नोंदवलं गेलं.

तेव्हा आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा वीतभर तुकडा भिंतीच्या कोरड्या पुसलेल्या भागावर चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावा आणि दोन दिवसांनी काढा. भिंतीकडची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतूनच येतंय: गच्ची, बाहेरची भेग नाहीतर पाइप. खोलीकडची बाजू ओलसर असेल तर दोष खोलीतल्या दमट हवेचा. भिंतीतली ओल घासून जात नाही, सोसायटीला लेखी अर्ज द्या. पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती आदर्श उपविधींप्रमाणे (सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) सोसायटीनेच दुरुस्त करायची असते. ‘तुमचं तुम्ही बघा’ ऐकून परत फिरू नका.

भर पावसात खिडक्या उघड्या ठेवणं

हा सल्ला कोरड्या हवेच्या गावांसाठी ठीक. मुंबई-कोकणात जुलैमध्ये बाहेरचीच हवा ओलीचिंब. ती घरात घेऊन काय सुकणार? उघडीप मिळाली की सगळं सताड उघडा, झड लागली की लावून घ्या. स्वयंपाक आणि आंघोळीच्या वेळी एक्झॉस्ट फॅन चालवा, एसी असेल तर ड्राय मोडवर ठेवा. घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली आणायची. ती मोजायचं छोटं यंत्र काहीशे रुपयांत मिळतं. मूल झोपतं त्या खोलीत कपडे तर वाळत घालूच नका. बादलीभर धुण्यातलं पाणी शेवटी त्याच हवेत जातं.

कुबट वासावर धूप-कापूर

वास झाकला जातो, बुरशी तिथेच राहते. वर धुराने पोराचा दमा चाळवतो.

कोरड्या झाडूने खरवडणं

बुरशीचे बीजाणू घरभर उडतात. मुलाला दुसऱ्या खोलीत पाठवा, मास्क लावा, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या. पृष्ठभाग पूर्ण सुकवा. ब्लीच आणि बाथरूमचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. बुरशी धरलेली गादी आणि पुठ्ठ्याचे खोके यांचा मोह सोडा.

डॉक्टरांना घराबद्दल न सांगणं

प्रत्येक खोकला बुरशीचा नसतो. पण आजोळी गेल्यावर थांबणारा खोकला घरी परतल्यावर पुन्हा सुरू होत असेल, तर ते आवर्जून सांगा, भिंतीचा फोटो दाखवा. मुलांच्या श्वासनलिका अरुंद असतात आणि वजनाच्या मानाने ती आपल्यापेक्षा जास्त हवा आत घेतात, म्हणून त्याच खोलीत आपल्याला काही होत नाही आणि त्यांची छाती वाजते. डॉक्टरांनी पंप (इनहेलर) दिला तर ‘सवय लागेल’ म्हणून मनाने बंद करू नका. पंपाचं व्यसन लागत नाही.

आणि मूल शांत असताना मिनिटभर श्वास मोजायला शिका. २ ते १२ महिन्यांच्या बाळाचे ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पिणं-बोलणं जड जात असेल, तर सकाळची वाट न बघता थेट रुग्णालय गाठा.